तर्रीला घेऊन टेकडीवर: नागपूरच्या थंडीत कुत्र्यासोबत पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

नागपूर म्हटलं की लोकांना उन्हाळा आठवतो, आणि त्यांचं काही चुकत नाही. पण घरी कुत्रा असलेला माणूस वर्षभर डिसेंबरची वाट बघत असतो. मार्च ते जून सकाळी आठनंतर डांबरावर पंजा टेकवत नाही. पावसाळाभर काळ्या मातीचा चिखल आणि गोचिडी. ऑक्टोबरात परत उकाडा. कुत्र्याला दोन-तीन तास मनसोक्त चढ चढवायचा तर आपल्या वाट्याला डिसेंबर-जानेवारीचे जेमतेम आठ आठवडे येतात. ते वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

माझ्याकडे तर्री आहे. लालसर रंगाची गावठी कुत्री, सहा वर्षांची, वजन अठरा किलो. नाव लेकीनं ठेवलं, रंग बघून. तिच्यासोबत जे शिकलो तेच खाली सांगतो, आणि त्यातलं बरंचसं आधी चुकून मग शिकलोय.

दिवस कसा निवडायचा

उत्तरेकडून कोरडा वारा यायला लागला, दोन-तीन दिवस आभाळ निरभ्र राहिलं आणि रात्री वारा पडला, की समजायचं, उद्याची सकाळ कडक. ढग नसले की जमिनीची ऊब रात्रभर सरळ वर निघून जाते, अडवायला काही नसतं. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, तो अशाच थंडीच्या लाटेत. एरवी जानेवारीतली सकाळ आठ-दहा-बारा अंशांची असते आणि दुपार अठ्ठावीसची.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. पेपरात येतो तो आकडा जमिनीपासून साधारण चार फुटांवर पेटीत ठेवलेल्या तापमापीचा असतो. निरभ्र, निवांत रात्री सगळ्यात जास्त गार होते ती जमीन आणि तिला चिकटलेली हवा. पेपरात पाच अंश असतील तर गवताच्या पात्यांवर त्याहून दोन-तीन अंश कमी असू शकतात. तुमचं नाक पाच फुटांवर असतं, कुत्र्याचं पोट फूटभरावर. म्हणजे तुम्ही आणि तो एकाच रस्त्यावर वेगवेगळ्या थंडीतून चालत असता. शिवाय त्याचं पोट दवानं भिजतं, तुमचं नाही.

दुसरी गोष्ट मला दोन हिवाळे कळलीच नव्हती. टेकडीवर जायचं म्हणजे वर जास्त थंडी असणार, असं आपण धरून चालतो. अशा सकाळी उलटं होतं. गार हवा जड, ती उताराने खाली सरकते आणि नाल्यात, खोलगट शेतात साचून राहते. पायथ्याशी बोटं बधिर, आणि पाऊण तासाने माथ्यावर जर्किनची चेन उघडायची पाळी. म्हणून कुत्र्याला स्वेटर घालायचा असेल तर तो पायथ्यासाठी घाला आणि वर काढायची तयारी ठेवा.

ढगाळ दिवस टाळा. विदर्भात जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आणि गारा येतात, आणि उघड्या टेकडीवर लपायला जागा नसते. दाट धुई असली तरी गाडी काढू नका, ऊन पडेपर्यंत थांबा.

पहाटे पाचला निघायचा हट्टही नको. जानेवारीत इथे सूर्य सातच्या जरा आधी उगवतो. त्यानंतर निघालं तरी दहापर्यंत तीन तास मिळतात. अंधारात शहराच्या कडेच्या झाडीत कुत्रा नेणं म्हणजे बिबट्याला आमंत्रण, आणि बिबट्याला कुत्रा आवडतो हे गावाकडे पोरंसोरंही सांगतील.

कुत्रा तयार आहे का

हौस तुमची, चाल त्याची. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू नको, त्याची हाडं अजून भरायची असतात. पग किंवा तसल्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला चढ झेपत नाही, थंडीतही नाही. लॅब्राडोर सोफ्यावर वाढलेला असेल तर आधी तीन-चार आठवडे रोज चाळीस मिनिटं सपाटीवर चालवा. त्यात पंजेही कडक होतात. घरातल्या फरशीवरचा पंजा मुरमावर पहिल्याच दिवशी सोलवटतो.

लसी पूर्ण हव्यात. रेबीजची तर हवीच, आणि लेप्टोची टोचलीय का ते डॉक्टरांना मुद्दाम विचारा. उंदीर-घुशींच्या लघवीनं दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून तो रोग येतो, आणि टेकडीच्या पायथ्याशी तसली डबकी असतातच. गोचिडीचं औषध निघायच्या आदल्या दिवशी नाही, डॉक्टर सांगतील त्या हिशेबानं आधीच लावलेलं असू द्या.

स्वेटर कोणाला? गावठी, डॉबरमन अशी आखूड केसांची आणि सडपातळ कुत्री, म्हातारी कुत्री, यांना सुरुवातीला बरा. जर्मन शेफर्ड, हस्की, केसाळ पॉम यांना अंगावरचाच पुरतो. कानाची टोकं थंडगार लागली, अंग थरथरलं, चालताना एकेक पंजा वर धरला, की त्याला थंडी वाजतेय. तर्रीला मी लेकीच्या जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून घातला, तेव्हा टपरीवाला म्हणाला, "काऊन भाऊ, कुत्रीले स्वेटर अन् तुमी टी-शर्टवर?" त्याचं बरोबर होतं. मीच कुडकुडत होतो.

जायचं कुठे

पहिल्या दोन-तीन वेळा शहराबाहेर पडूच नका. सेमिनरी हिल्सचा रस्ता पुरेसा आहे. चढ सौम्य, झाडं भरपूर, आणि काही झालं तर घर दहा मिनिटांवर. नागपूर समुद्रसपाटीपासून सगळं मिळून ३१० मीटरच्या आसपास, आणि ही टेकडी त्याच्यावर आलेला एक काळ्या दगडाचा फुगवटा. पुण्याचे पाहुणे हसतात, हसू द्या. सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी असते, त्यामुळे माणसं, सायकली, दुसरी कुत्री यांच्यातून दोरीवर नीट चालायची सवय इथेच होते.

ते जमलं की रामटेक. जबलपूर रोडने कामठी, कन्हान करत मनसरला उजवीकडे वळायचं, जेमतेम पन्नास किलोमीटर. गडावर जायला गाडीरस्ता आहे आणि अंबाळा तलावाच्या बाजूनं पायऱ्याही. मी पायऱ्या निवडतो. मंदिरात कुत्रा नेता येत नाही, आणि न्यावाही का? दोघं जण जा. एकानं दर्शन घ्यावं, एकानं खाली कुत्रा धरावा, मग पाळी बदलावी. कार्तिक पौर्णिमेच्या जत्रेत आणि रामनवमीला तिकडे फिरकू नका. थंडीतही सुट्टीच्या दिवशी दहानंतर पायऱ्यांवर माणूस मावत नाही.

गोरेवाडा, पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला ही नावं यादीतून खोडून टाका. राखीव जंगलात पाळीव कुत्रा चालत नाही, आणि नियम रास्त आहे. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा संसर्गजन्य रोग वाघ-बिबट्यांनाही होतो. चिखलदऱ्याचा मोह सगळ्यांनाच होतो, विदर्भातलं एकच थंड हवेचं ठिकाण, हजार मीटरच्या वर. पण भोवती मेळघाट आहे. गेलात तर गावातल्या रस्त्यांपुरतं.

दोरी

या एका बाबतीत मी वाद घालत नाही. दोरी सुटणार नाही. घरापासून घरापर्यंत.

चार वर्षांपूर्वी रामटेकच्या अर्ध्या पायऱ्यांवर, आजूबाजूला कोणी नाही बघून, मी तर्रीला मोकळी सोडली. "बिचारी रोज दोरीवर असते," असं काहीतरी मनात होतं. वीस पावलांवर कठड्यावर वानरं ऊन खात बसली होती. एका मोठ्या नरानं मान वळवली, दात दाखवले. तर्री भुंकली, आणि एकदम सगळी टोळी कठड्यावरून खाली. पुढचं मला नीट दिसलंच नाही. लाल शेपूट झुडपात गेली एवढं दिसलं. मी दीड तास हाका मारत उभा. घसा बसला. शेवटी खाली उतरलो तर बाई गाडीच्या चाकाला टेकून बसलेली, एका कानाची कड फाटलेली, आणि माझ्याकडे अशी बघत होती की उशीर मीच केला.

तेव्हापासून छातीवर बसणारा हार्नेस, आणि साधी, हाताला रुतणार नाही अशी सहा फुटी दोरी. बटण दाबून लांब होणारी दोरी टेकडीवर घेऊ नका. ती झुडपात अडकते आणि ऐन वेळी आखडत नाही. गळ्यात पट्टा वेगळा, त्यावर तुमचा मोबाईल नंबर कोरलेला बिल्ला. वानरं दिसली की दोरी आखूड करा, थांबू नका, डोळ्याला डोळा देऊ नका, आणि हातात प्रसादाची पिशवी उघडी धरू नका.

गल्लीतल्या कुत्र्यांची टोळी आडवी आली तर पळायचं नाही. आपलं कुत्रं स्वतःच्या पलीकडच्या बाजूला घ्यायचं आणि तिरकं निघून जायचं. फारच अंगावर आली तर दगड उचलल्यासारखं नुसतं वाकलं तरी पुरतं. खरा दगड मारायची गरज मला आजवर पडली नाही.

पिशवीत काय

एक लिटर पाणी फक्त कुत्र्यासाठी, आणि स्टीलची वाटी. थंडीत तो पाणी मागत नाही, आपणच अर्ध्या तासाने समोर धरायचं. भुवया कोरायचा चिमटा, कापूस, गॉजची पट्टी, बेटाडीन. विष्ठेसाठी पिशव्या, आणि त्या भरल्यावर झुडपात फेकायच्या नाहीत, घरी आणायच्या. एक जुना मोजा: पंजा कापला तर गॉज गुंडाळून वर मोजा चढवला की गाडीपर्यंत चालता येतं.

आणि दुपट्टा. नागपुरात तो उन्हाळ्यात तोंडाला बांधतात, पण हिवाळ्यात टेकडीवर याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. ओलं पोट पुसायला तोच, दुखलेलं कुत्रं खांद्याला झोळी करून आणायला तोच. आणि कळवळलेलं कुत्रं मालकालाही चावतं, तेव्हा जबड्याभोवती सैलसर दोन वेढे देऊन कानामागे गाठ मारायला पण तोच. श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा उलटी होत असेल तर मात्र तोंड बांधू नका.

आपल्या डब्यातल्या क्रोसिन-ब्रुफेनच्या गोळ्या कुत्र्याला अजिबात देऊ नका. माणसाचं दुखणं घालवणारी गोळी त्याचं यकृत किंवा मूत्रपिंड घालवू शकते.

निघायच्या सकाळी

भरल्या पोटी चढवायचं नाही. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट भरलेलं असताना पिळा बसू शकतो आणि काही तासांत जिवावर बेततं. आदल्या रात्री नेहमीचं जेवण, सकाळी फार तर अर्धी पोळी. रामटेकपर्यंत गाडीत जायचं असेल तर तेवढंही नको, ओकतात.

कुसळ

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, म्हणतो ना आपण, ते हेच. नवख्या माणसाला बिबट्याची भीती असते, सापाची असते, थंडीची असते. माझ्या कुत्रीला डॉक्टरकडे सगळ्यात जास्त वेळा नेलंय ते गवतामुळे.

आपल्या टेकड्यांवर पावसाळ्यानंतर कुसळी गवत वाळून पिवळं होतं. त्याचा दाणा हातात घेऊन बघा. टोक सुईसारखं, टोकाच्या वर मागे वळलेले बारीक ताठ केस, आणि मागे दोन-तीन इंचांची पिळलेली शेपटी. ती शेपटी ओली झाली की उलगडते, सुकली की परत पिळते, आणि त्या फिरण्यानं दाणा मातीत स्क्रूसारखा घुसतो. गवतानं हे स्वतःच्या बीसाठी केलंय. पण सकाळच्या दवात तोच दाणा कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात बसला, नऊ वाजता ऊन लागून सुकायला लागला, की तिथेही तो पुढे सरकतो. मागे वळलेल्या केसांमुळे उलटा बाहेर येत नाही.

पहिल्या वर्षी तर्री घरी आल्यावर उजवा पुढचा पंजा सारखा चाटत होती. मी म्हटलं, थकली असेल. तिसऱ्या दिवशी मधल्या दोन बोटांमध्ये वाटाण्याएवढी लाल गाठ. डॉक्टरांनी भूल देऊन कापलं, चिमटा आत घातला आणि बाहेर काढलं ते जेमतेम अर्धा सेंटीमीटरचं टोक, शेपटी कधीच तुटलेली. मला ते एका पांढऱ्या कागदावर ठेवून दाखवलं. एवढ्याशासाठी चार टाके आणि दहा दिवस गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं.

म्हणून करायचं काय? मधल्या पायवाटेनंच चालायचं, गुडघाभर गवतात घुसू द्यायचं नाही. केसाळ कुत्र्याच्या बोटांमधले केस आदल्या दिवशी कात्रीनं आखूड करायचे. दर अर्ध्या तासानं, पाणी पाजतानाच, चारही पंजे उचलून बेचक्यात बोट फिरवायचं. वर दिसतंय तोवर चिमट्यानं, ज्या रेषेत घुसलंय त्याच रेषेत सरळ मागे, बाहेर ओढायचं, हिसका नाही. गोखरू आणि बाभळीचे काटे त्या मानाने सज्जन. टोचतात, कुत्रं लगेच लंगडतं, काढला की विषय संपला.

माझी भाची स्कॉटलंडमध्ये असते. तिकडे थंडीत डोंगरावरून आलं की कुत्र्याचे पंजे कोमट पाण्यानं धुतात, कारण बोटांमध्ये बर्फाचे गोळे जमतात आणि रस्त्यावर टाकलेलं मीठ चिकटतं. आपल्याकडे बर्फ नाही, मीठ नाही, पण पंजे धुवायचं काम तेवढंच.

वर जाताना, खाली येताना

चढाला त्याला पुढे चालू द्या. उताराला तो मागे, दोरी आखूड. उतरताना त्याचं सगळं वजन पुढच्या पायांवर येतं, आणि ओढत सुटला तर तुम्हीही पडाल, तोही. दवानं ओला झालेला गुळगुळीत काळा दगड तेलाच्या फरशीइतका निसरडा असतो. ऊन लागून कोरडा होईपर्यंत त्यावरून नेऊ नका.

कोवळं ऊन पडलेल्या सपाट दगडावर घोणस येऊन पसरते. थंडीत ती सुस्त असते, बाजूला होत नाही, नुसती फुसकारते. कुत्र्याचं नाक आधी तिथेच जातं. चावलीच तर कापू नका, चोखू नका, घट्ट बांधू नका. उचला आणि सरळ जनावरांच्या डॉक्टरकडे. माणसाला देतात तेच सर्पविषावरचं इंजेक्शन कुत्र्यालाही देतात. घरून निघतानाच रविवारी उघडा असणाऱ्या डॉक्टरचा नंबर मोबाईलमध्ये ठेवा.

संक्रांतीच्या आधीचे-नंतरचे पंधरा दिवस आणखी एक गोष्ट पायात येते: नायलॉन मांजा. बंदी आहे, तरी झाडाझुडपांत लोंबकळत असतो. कुत्र्याच्या पायात अडकला आणि तो ओढत पळाला की कातडी चिरत जाते. शहरातल्या टेकडीवर त्या दिवसांत माझ्या खिशात कात्री असते.

साडेनऊ-दहाला परत फिरा. दुपारी अठ्ठावीस अंश म्हणजे आपल्याला गुलाबी थंडी, पण चढून आलेल्या, घामाच्या ग्रंथी फक्त पंजात असलेल्या जनावराला नाही. जीभ लांब आणि टोकाला रुंद झाली, चाल मंदावली, की सावलीत बसवा. स्वेटर अजून अंगावर असेल तर स्वतःला दोन शिव्या द्या आणि काढा.

खाली आल्यावर तर्री पोहे होणारच, ते काही मी थांबवू शकत नाही. पण वरचा कच्चा कांदा आणि खालची तर्री, दोन्ही कुत्र्याला विष. कांद्यानं त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, शिजवलेल्यानंही. सांबारवडी, म्हणजे आपली कोथिंबिरीची वडी, तीही नाही. बेदाणे घातलेला लाडू नाही. संत्र्याच्या दोन फोडी बिया काढून चालतात. आमची बाई नावानं तर्री, पण टपरीवर तिला मिळतं ते घरून नेलेलं उकडलेलं अंडं.

घरी आल्यावर

पंजे कोमट पाण्यानं धुवा, बोटांमध्ये कोरडं करा. मग उजेडात, खिडकीशी, सगळं अंग उलट्या केसांनी चाचपा. गोचिडी बसतात त्या कानाच्या आत, काखेत, शेपटीच्या बुडाशी, पट्ट्याखाली. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल-तेल लावत बसू नका. जेवण अर्ध्या तासानं, श्वास शांत झाल्यावर.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी लक्ष ठेवा. एकाच पंजाला सारखं चाटणं, एकच डोळा मिटून धरणं, किंवा मान एका बाजूला कलती करून कान झटकत राहणं, म्हणजे कुसळ आत राहिलंय. कानात गेलेलं कुसळ बाहेरून दिसत नाही. इअरबडनं काढायला जाऊ नका, ते पडद्यापर्यंत ढकललं जातं. तेल घालू नका. सकाळची वाट न बघता डॉक्टरकडे.